वाघाच्या वाटेवरून

मी एक मामा आहे. गोष्टीतला नाही, खराखुरा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीला राहतो. दर दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून माझी दोन भाचरं येतात. थोरली सातवीत आहे, धाकटा चौथीत. या वेळी तर दारात पाऊल टाकल्या टाकल्या, पायातले बूटही न काढता धाकट्यानं विचारलं, ‘‘मामा, वाघ दाखवशील ना?’’

‘‘वाघ काही मी पाळलेला नाही रे बाबा,’’ मी म्हटलं, ‘‘पण वाघाची वाट मात्र नक्की दाखवीन.’’

मग अंगणात खडूनं नकाशा काढला. ब्रह्मपुरीहून पश्चिमेला नागभीड. तिथून दक्षिणेला सिंदेवाही आणि मूल. मग पूर्वेला वळून वैनगंगा ओलांडायची, मार्कंड्याचं देऊळ पाहायचं आणि चामोर्शी, गडचिरोली, आरमोरी असं करत नदीच्या पलीकडल्या बाजूनं वर यायचं. आरमोरीहून वैनगंगा पुन्हा ओलांडली, की आलं ब्रह्मपुरी! वाकडातिकडा का होईना, गोल पूर्ण झाला. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास भरेल असा अंदाज काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघायचं ठरलं. मामीनं रात्रीच आयत्यांचं पीठ भिजवून ठेवलं. आयते म्हणजे तांदळाच्या पिठाचे पातळ, जाळीदार डोसेच म्हणा ना!

‘आमाले पाहाले वाघच येते!’

सकाळी गावाबाहेर पडलो तेव्हा शेतांवर धुकं होतं. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घालून केलेले भाताचे चौकोनी तुकडे. धान पिकून पिवळाजर्द झाला होता. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा पट्टा झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. इथं शेत कुठं संपतं आणि जंगल कुठं सुरू होतं, ते सांगणं कठीण. धानाची शेवटची बांधी संपली, की पाच पावलांवर सागाचं पहिलं झाड!

एका वळणावर दहा-बाराजण विळे घेऊन बसलेले दिसले. धान कापायला आले होते, पण कुणी शेतात उतरत नव्हतं. मी गाडी थांबवली. धाकट्याला तेवढंच हवं होतं. तो एका म्हाताऱ्या आजोबांना म्हणाला, ‘‘आजोबा, इथं वाघ येतो?’’

आजोबा हसले. ‘‘बाप्पा, तुमी वाघाले पाहाले जाता, आमाले पाहाले वाघच येते!’’

सगळे हसले. ही इथली झाडीबोली. तिच्यात ‘ण’ नाही, त्याच्या जागी ‘न’ येतो, आणि ‘ळ’चा होतो ‘र’. डोळ्याला म्हणायचं डोरा!

पण आजोबांनी पुढं सांगितलं, ते हसण्यासारखं नव्हतं. ऊन चांगलं वर आल्याशिवाय ते शेतात उतरत नाहीत. एकट्यानं तर नाहीच. उभ्या धानात वाघ बसलेला असला, तर दहा पावलांवरूनही दिसत नाही. माणूस वाकून काम करायला लागला, की तो वाघाला चार पायांच्या जनावरासारखा वाटतो, असं वनखात्याचे लोकही सांगतात. उन्हाळ्यात तर भीती अधिक. तेव्हा पहाटे मोहफुलं वेचायची असतात, नंतर तेंदूची पानं तोडायची असतात आणि ही दोन्ही कामं वाकूनच होतात.

‘‘वळखीची बाई होती,’’ आजोबा म्हणाले. ‘‘मोहा येचाले गेली सकारी. नाही आली.’’

गाडी सुरू झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग थोरली म्हणाली, ‘‘मामा, आपण वाघ बघायला पैसे देतो. आणि यांना तो नको असतानाही भेटतो.’’

ब्रह्मपुरी वनविभागाचं जंगल ताडोबासारखा राष्ट्रीय उद्यान नाही. इथं गावं आहेत, शेतं आहेत, रस्ते आहेत, शाळा आहेत. आणि तरीही इथं भरपूर वाघ आहेत. ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला आणि नवेगाव-नागझिरा या जंगलांमधून बाहेर पडणाऱ्या तरुण वाघांची ये-जा याच भागातून चालते. माणसं आणि वाघ इतके शेजारी शेजारी राहतात अशा जागा जगात फार थोड्या आहेत. हा शेजार सोपा नाही.

मामा तलाव

नागभीड आलं. माझ्या लहानपणी इथून नागपूरला छोटी रेल्वे जायची. शंभराहून जास्त वर्षं ती अशीच डुलत डुलत धावली. २०१९ साली रूळ मोठे करण्यासाठी ती थांबवली.

नागभीडच्या पुढं रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडून बायका शिंगाडे विकत होत्या. उकडलेले, काळेभोर, दोन शिंगांचे. धाकट्याला वाटलं, खेळण्यातले बैल आहेत! शिंगाडे तळ्यात उगवतात हे कळल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, ‘‘तळं कुठाय?’’

तळी इथं पावलोपावली. आणि त्यांचं नाव ऐकून दोघंही खूश झाली. कारण इथल्या पुष्कळ तलावांना म्हणतात ‘मामा तलाव’! मी मुद्दामच जरा छाती फुगवली, पण खरी गोष्ट अशी. गोंड राजांच्या काळात ज्यानं तलाव बांधावा, त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळे. कोहळी समाजाचे लोक तर तलाव बांधण्यात पटाईत. पुढं हे तलाव मालगुजारांकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावप्रमुखांकडे आले. १९५१ साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. कागदोपत्री नाव पडलं ‘माजी मालगुजारी तलाव’. त्यातली दोन ‘मा’ उचलून लोकांनी केला ‘मामा’! असे हजारो तलाव पूर्व विदर्भात आहेत.

आम्ही मुख्य रस्ता सोडून घोडाझरीला गेलो. हा तलाव मात्र मामा तलाव नाही. तो इंग्रजांच्या काळात बांधलेला, चांगला मोठा. डोंगरांच्या कुशीत निळं पाणी पसरलं होतं. कमळाच्या पानांवरून लांबलचक बोटांचे कमळपक्षी चालत होते, आणि खुंटावर पंख पसरून पाणकावळा वाळत बसला होता. भोवतालचं १५९ चौरस किलोमीटर जंगल २०१८ साली घोडाझरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. काठावर बसून आम्ही आयते आणि टमाटरची चटणी खाल्ली. चिखलात चितळांच्या खुरांचे ठसे होते. धाकट्यानं वाघाचा ठसा शोधण्यासाठी सगळा काठ पालथा घातला. सापडला तो एका कुत्र्याचा. ‘‘ओळखायचा कसा?’’ त्यानं विचारलं. कुत्र्याच्या ठशात बोटांपुढं नखं उमटतात. वाघ चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून ती उमटत नाहीत. हे त्यानं लगेच वहीत लिहून घेतलं.

घड्याळाच्या नावाचा तांदूळ

तुमच्या घरी कधी ‘एचएमटी’ तांदूळ आणलाय? आईला विचारा. हा तांदूळ जन्मला याच नागभीड तालुक्यात, नांदेड नावाच्या छोट्या गावात. (मराठवाड्यातलं मोठं नांदेड नव्हे हं!) तिथं दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. शाळा तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम. १९८३ साली ‘पटेल ३’ जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसऱ्या कुणी त्या बाकीच्या धानातच झोडपल्या असत्या. दादाजींनी बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. अशी काही वर्षं गेली. तांदूळ निघाला बारीक, चवदार, भरपूर पिकणारा! त्या काळात एचएमटीची मनगटी घड्याळं फार लोकप्रिय होती. तेच नाव या तांदळाला चिकटलं आणि देशभर गेलं.

दादाजींनी पुढं आणखीही वाण शोधले. राष्ट्रीय पातळीवरचे सन्मान मिळाले, पैसा मात्र फारसा कधी मिळाला नाही. २०१८ साली ते वारले. ‘‘म्हणजे फक्त नीट बघितलं म्हणून?’’ थोरलीनं विचारलं. हो, फक्त नीट बघितलं म्हणून. आणि मग चिकाटी सोडली नाही म्हणून.

ब्रेक!

सिंदेवाही ते मूल हा रस्ता जंगलातून जातो. साग, ऐन, मोह, बांबू. मी गाडी ताशी चाळीसवर आणली, तसा धाकटा कुरकुरला. ‘‘मामा, सायकलवाले पण पुढं जातील!’’

त्याचं वाक्य संपायच्या आत डावीकडून एक निळसर करडं धूड रस्त्यावर आलं. मी ब्रेक दाबला. नीलगाय! घोड्याएवढा नर. तो आमच्यासमोर उभा राहिला, एकदा आमच्याकडे पाहिलं आणि सावकाश पलीकडे गेला. पाठोपाठ दोन माद्या, एक पिल्लू. आम्ही ऐंशीच्या वेगात असतो तर? ते सांगायला नको. पोरांनी आपणच पट्टे लागलेत का ते तपासून पाहिले.

गाडी तिथंच कडेला घेऊन मी त्यांना ती गोष्ट सांगितली, जिच्यासाठी ही सहल काढली होती.

ब्रह्मपुरीच्या जंगलातला एक तरुण वाघ एके दिवशी चालू लागला. वाघ मोठा झाला, की त्याला स्वतःचा मुलूख शोधावा लागतो. आईच्या हद्दीत राहून चालत नाही. हा वाघ चालत चालत राज्यं ओलांडत गेला आणि २०२३ साली थेट ओडिशात, गजपती जिल्ह्यातल्या महेंद्रगिरीच्या जंगलात पोचल्याचं कळलं. अंतर किती? सुमारे २००० किलोमीटर!

‘‘पण तो इथलाच, हे कसं कळलं?’’ थोरलीचा प्रश्न बरोबर होता. जंगलात झाडांना कॅमेरे बांधलेले असतात. प्राणी समोरून गेला, की आपोआप फोटो निघतो. आपल्या अंगठ्याचे ठसे जसे प्रत्येकाचे वेगळे, तसेच वाघाच्या अंगावरचे पट्टे. ओडिशातल्या फोटोतले पट्टे जुन्या फोटोंशी ताडून पाहिले आणि पाहुणा ब्रह्मपुरीचा निघाला!

पण सगळेच असे पोचत नाहीत. २०१७ साली नागभीडच्या परिसरात श्रीनिवास नावाचा तरुण वाघ मेला. तो नागझिऱ्याहून उमरेडला आलेल्या प्रसिद्ध ‘जय’ वाघाचा मुलगा. पीक वाचवण्यासाठी सोडलेल्या विजेच्या तारेचा त्याला धक्का बसला. शेतकऱ्याचंही खरंच आहे. रानडुकरं एका रात्रीत वर्षाचं धान फस्त करतात. पण त्यावर सौर कुंपणाचा उपाय आहे. त्याचा झटका क्षणभराचा असतो, जनावर पळतं, मरत नाही. जिवंत तारेनं वाघच काय, माणसंही मेली आहेत.

आणि हा आपल्या रस्त्याच्या सोबतीनं जाणारा रेल्वेमार्ग पाहिलात? गोंदियाहून बल्लारशाला जाणारा. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये याच मार्गावर, मूलच्या पुढं चंद्रपूरच्या दिशेला, जुनोन्याजवळ वाघाचे तीन बछडे गाडीखाली आले.

धाकटा गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘मग रस्ते करायचेच नाहीत का?’’

रस्ते तर हवेतच. आजोबांना दवाखान्यात जायला, पोरांना शाळेत जायला. पण रस्ता करतानाच वाघाची वाट लक्षात ठेवता येते. नागपूरहून सिवनीकडे जाणारा महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तिथं महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ता नऊ ठिकाणी उचलून घेतलाय. वरून ट्रक जातात, खालून प्राणी. त्यातला सर्वांत लांब मार्ग ७५० मीटरचा. तिथल्या कॅमेऱ्यांमध्ये चितळ, रानकुत्रे आणि वाघही ये-जा करताना दिसले आहेत.

निघताना धाकटा म्हणाला, ‘‘मामा, चाळीसच ठेव.’’

वीज पडलेलं देऊळ

मूलहून पूर्वेला वळलो. हरणघाटाच्या पुलावर वैनगंगा भेटली. रुंद वाळवंट आणि मधून वाहणारं पाणी. ही नदी मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातून येते, पुढं वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. पूल ओलांडला आणि आपण गडचिरोली जिल्ह्यात आलो.

मार्कंडा नदीकाठीच आहे. इथं वैनगंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहते, म्हणून ही जागा पवित्र मानतात. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. मार्कंडेय ऋषींची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. सोळा वर्षांचंच आयुष्य घेऊन आलेला मुलगा. यम न्यायला आला तेव्हा त्यानं शंकराच्या पिंडीला मिठी मारली आणि तो वाचला. ‘‘माझ्याहून चारच वर्षांनी मोठा,’’ थोरली पुटपुटली.

एका आवारात लहानमोठी दीडेक डझन देवळं आहेत, जवळजवळ हजार वर्षांची जुनी. भिंतींवर बोट ठेवायला जागा नाही इतकं कोरीवकाम. देव, देवता, नर्तकी, वादक, प्राणी. लोक याला ‘विदर्भाचं खजुराहो’ म्हणतात. पुरातत्त्वाचे मोठे अभ्यासक अलेक्झांडर कनिंगहॅम १८७० च्या दशकात इथं आले. त्यांनी या देवळांचं सविस्तर वर्णन लिहून ठेवलं. त्यांच्याही आधी, दोनेकशे वर्षांपूर्वी, मुख्य देवळावर वीज पडून शिखर कोसळलं होतं. पडलेल्या शिखराच्या भारानं खालचं कामही खचलं. नंतर एका गोंड राजानं डागडुजी केली, आणि आपल्या काळात पुन्हा जीर्णोद्धाराचं काम हाती घ्यावं लागलं.

असं देऊळ दुरुस्त कसं करतात ठाऊक आहे? प्रत्येक दगडावर क्रमांक घालतात, त्याची जागा कागदावर टिपून ठेवतात, मग दगड उतरवतात आणि पुन्हा त्याच जागी बसवतात. एक जरी क्रमांक चुकला, तर पुढचं सगळं अडतं. ‘‘दगडांचं जिगसॉ!’’ थोरली म्हणाली. धाकट्यानं मात्र एका खांबावर कुणी तरी खरवडून लिहिलेलं नाव दाखवलं आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, ‘‘हे कुठल्या क्रमांकाचं?’’

पलीकडचा काठ

चामोर्शीत जेवलो आणि गडचिरोलीकडे निघालो. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून हा जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्याचा दोन तृतीयांशांहून जास्त भाग जंगल आहे. २०२१ साली इथं छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप आला. तोपर्यंत इथल्या लोकांना हत्ती माहीत होते ते कमलापूरच्या कॅम्पातले, वनखात्याचे, सोंड हलवून केळी खाणारे. रानटी हत्तींनी शेतं तुडवली, घरं पाडली. शेजारी आणखी एक वाढला!

आरमोरीला पोचेपर्यंत दिवस मावळला. इथून वैरागडला रस्ता जातो. तिथं जुना किल्ला आहे, आणि अकबराच्या काळातल्या ‘ऐने अकबरी’ या ग्रंथात तिथल्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आहे. जुन्या मराठीत ‘वैरागर’ म्हणजे हिऱ्यांची खाणच! पण अंधार पडला होता. हिरे पुढच्या सुट्टीसाठी राखून ठेवले.

चौकात रंगीत फलक लागले होते. नाटकांचे! दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम. जवळचं वडसा हे या नाटक कंपन्यांचं माहेरघर. गावात मंडप पडतो, पंचक्रोशी लोटते आणि नाटक रात्रभर चालतं, पहाटेपर्यंत. या रंगभूमीवरचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. इतकी माणसं रात्री नाटकाला जातात आणि पहाटे जंगलातून घरी येतात. कशी? बैलबंड्यांतून, ट्रॅक्टरमधून, घोळक्यानं, मोठमोठ्यानं नाटकातली गाणी म्हणत!

वैनगंगेचा दुसरा पूल लागला. पुढं दिव्यांच्या उजेडात रस्त्याकडेला डोळे चमकले. एक, दोन, पाच, सात जोड्या! चितळं होती. मी थांबलो, दिवे मंद केले. मागून ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. धाकट्यानं खिडकीतून हात काढून त्याला ‘थांबा’ अशी खूण केली. आणि गंमत म्हणजे तो थांबला! चितळं गेली, मग ट्रक आमच्या शेजारून जाताना ड्रायव्हरनं धाकट्याला सलाम ठोकला.

घरी आलो तेव्हा मीटरवर २३८ किलोमीटर भरले होते. वाघ दिसला नाही. मला वाटलं, आता तोंड पाडून बसणार. पण धाकटा वहीत काही तरी गणित मांडत होता.

‘‘मामा, आपल्यासारख्या साधारण साडेआठ सहली केल्या त्या वाघानं. आणि तेही पायी! त्याला किती रस्ते लागले असतील?’’

मी म्हटलं, ‘‘कुणास ठाऊक! शेकडो असतील.’’

थोरली बूट काढता काढता म्हणाली, ‘‘म्हणजे कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर, रात्री, कुणी तरी गाडी हळू केली असणार.’’

तुम्हीही निघणार असाल तर...

• ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. तलाव भरलेले असतात, ऊन सोसवतं. उन्हाळा इथं फार कडक.

• पहाटे उजाडल्यावर निघा आणि अंधारापूर्वी जंगलाचा रस्ता पार करण्याचा बेत आखा. (आम्हाला उशीर झाला, ती आमची चूक!)

• जंगलातल्या रस्त्यावर वेग कमी, हॉर्न बंद. एक प्राणी गेला, की लगेच निघू नका. मागून आणखी येत असतात.

• झाडीत पायी शिरू नका, गाडीतून उतरून फोटो काढू नका. माकडांना खाऊ टाकू नका. ती रस्त्यावर येऊन बसतात आणि गाड्यांखाली सापडतात.

• देवळाच्या दगडावर नाव लिहू नका. नाव लिहायला वही आहे.

• वाटेत कुणी शेतकरी भेटले, तर दोन मिनिटं थांबून बोला. वाघाबद्दल त्यांच्याइतकं तुम्हाला कुणीच सांगणार नाही.